चिमट्याचा डावा पाय, दोन सूत मागे

‘चिमटा बदलायचा आहे,’ असं म्हणत गिऱ्हाईक दुकानात कधी येत नाही. साऱ्या जन्मात असे मला चारपाच भेटले असतील. बाकीचे येतात ते काहीतरी भलतंच सांगत. हँडल कुरकुर करून राहिलं, ब्रेक दाबला की पुढं टणकन वाजते, सायकल दारू पिल्यावानी चालते. एक गृहस्थ तर म्हणाले होते, ‘मिस्त्री, हिचं आजकाल चालण्यात मन नाही.’ मी पुढचं चाक दोन पायांत धरतो, हँडल मागंपुढं हलवून पाहतो आणि सांगतो, तुमचा चिमटा गेला. त्यावर त्यांचा चेहरा असा पडतो, जसा काही घरातला माणूसच गेला.

चिमटा म्हणजे स्वयंपाकघरातला नव्हे. सायकलीचं पुढचं चाक ज्या दोन पायांच्या मधात बसतं ते दोन पाय, ते जिथं जुळतात ते डोकं आणि डोक्यातून वर जाणारा पोकळ दांडा, हे सगळं मिळून चिमटा. दांडा सायकलीच्या तोंडच्या नळीतून वर निघतो आणि त्यात हँडल बसतं. तुम्ही हँडल वळवता तेव्हा खरा वळतो तो चिमटा. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा पहिल्यांदा त्याच्या अंगावर येतो, आणि तो मोडला तर माणूस थेट तोंडावर. म्हणून माझा एक नियम आहे. चिमट्याला वेल्डिंग मारून देणार नाही, म्हणजे नाही. त्यापायी मी सख्ख्या साळ्याशी भांडलो आहे.

या अंकाच्या संपादकबाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक. त्या म्हणाल्या, ‘वासूभाऊ, धंद्याबद्दल लिहा. पण दुकान कधी टाकलं, लग्न कधी झालं, ते नका लिहू.’ मी म्हटलं, बरं झालं, लग्नाचं लिहिलं असतं तर बायकोनं आधी वाचायला मागितलं असतं. तर एवढंच सांगतो की माझं दुकान रविनगरच्या एका गल्लीत आहे, अमरावती रोडपासून हाकेच्या अंतरावर. घर दुकानाच्या मागंच. आता सत्तरीला आलो, त्यामुळे काम दुपारी एकपर्यंत. नंतर बायको येऊन शटर खाली ओढते, मी आत असलो तरी.

लोकांना वाटतं, चाक अठ्ठावीसचं तर चिमटा अठ्ठावीसचा, झालं. झालं कुठं? नव्या सायकलीचं एक वेळ जमून जातं. जुनीचं कौतुक न्यारं. दांड्याच्या वरच्या टोकाला आटे असतात, त्यावर नट येतो. आत्ताच्या सायकलींचे आटे जाड, जुन्या विलायती सायकलींचे बारीक. जाड आट्याचा नट बारीक आट्यावर दोन फेरे मस्त जातो आणि तिसऱ्याला अडतो. शहाण्यानं तिथं थांबावं. अर्धवट मिस्त्री पान्याला पाइप लावून आणखी दोन फेरे मारतो आणि गिऱ्हाईकाला सांगतो, ‘पाहा, कसा टाइट बसला!’ महिनाभरात आटे सपाट. म्हणून माझ्या खिशात कायम दोन नट असतात, एक जाड आट्याचा आणि एक बारीक. पोरीच्या लग्नातही ते सफारीच्या खिशात होते. फोटोत तो खिसा फुगलेला दिसतो आणि आमच्या घरी अल्बम उघडला की पहिला विषय तोच निघतो.

मग दांड्याची लांबी. जास्त असली तर वायसर घालून भागवता येतं, कमी असली तर ब्रह्मदेवही काही करू शकत नाही. डोक्यावर छर्र्यांची, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्यांची, कटोरी बसते, ती गच्च बसली पाहिजे. सैल बसली तर खाली पत्र्याची पट्टी दडपणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. एकदा, देवाशपथ, मीच दडपली होती. आणि सगळ्यात शेवटी बाक. चिमट्याचे पाय खाली पुढं वळलेले असतात, तो बाक. जुन्या सायकलीचा बाक भरपूर, हल्लीचे चिमटे सरळसोट. जुनीला हल्लीचा लावला की चाक मागं सरकतं, हँडल जड होतं आणि वळताना तुमचा बूट चाकाला घासतो. गिऱ्हाईक म्हणतं, मिस्त्रीनं सायकलीची वाट लावली. खरंच लावलेली असते.

हे सगळं जुळलं की परीक्षा. मी स्वतः सायकलवर बसायचो, गल्लीच्या तोंडापर्यंत वेग घ्यायचो आणि दोन्ही हात सोडायचो. हात सोडून सायकल सरळ धावली की माघारी यायचं आणि दुकानासमोरच्या विजेच्या खांबावर पान्यानं दोनदा ठण ठण करायचं. म्हणजे पास. गल्लीला तो आवाज ओळखीचा होता. पलीकडचा पानठेलेवाला बसल्या जागेवरून ओरडायचा, ‘झाली का गा पास?’

या परीक्षेचा मला फार गर्व होता. एक शाळेतल्या बाई होत्या. त्यांना नवा चिमटा टाकून दिला, तर तीन वेळा तक्रार घेऊन आल्या की सायकल उजवीकडं ओढते. तिसऱ्यांदा माझं डोकं सटकलं. त्यांच्या हँडलला वह्यांनी भरलेली पिशवी अडकवलेली होती, ती काढून मी स्टुलावर ठेवली आणि त्यांच्या देखत गल्लीतून दोन चकरा मारल्या, हात डोक्यावर ठेवून. खांब वाजवला आणि म्हटलं, ‘बाई, सायकल सरळ आहे. तुमचा हात वाकडा आहे.’ सारी गल्ली हसली. बाईंनी पिशवी हँडलला अडकवली आणि सायकल हातात धरून चालत गेल्या. परत आल्या नाहीत. हा किस्सा मी वर्षानुवर्षं हसून सांगत आलो. नामदेवराव भेटेपर्यंत.

नामदेवराव राहतात वाडीला, अमरावती रोडवरच्या ट्रान्सपोर्टच्या वस्तीत, एका भाड्याच्या खोलीत, लेकीसोबत. मूळचे रामटेककडचे. उजवा पाय लहानपणी पोलिओनं गेला, काठीसारखा बारीक आहे. चालताना कुबडी लागते आणि पन्नास पावलांत घाम फुटतो. पण सायकलवर बसले की राजे! उजव्या बाजूचं पायडल काढून टाकलेलं, तो पाय ठेवायला फ्रेमच्या दांड्याला लोखंडी पट्टी. डावा पाय पट्ट्यानं पायडलला बांधायचा आणि एकट्या त्या पायानं सायकल हाणायची. ट्रान्सपोर्टच्या एका गोदामात खोक्यांवर गावांची नावं रंगवायचं काम करतात. अक्षर असं की छापखान्यानं लाजावं. मडगार्डवर स्वतःचं नाव लिहिलं आहे, ते पाहूनच मी पहिल्या दिवशी खुर्ची दिली.

‘अकोला, चंद्रपूर, रायपूर, जबलपूर, सारे रंगवतो,’ ते म्हणाले. ‘पाह्यलं एकही नाही. पण हातानं सगळीकडं जाऊन आलो.’

ते आले होते हँडल कुरकुरतं म्हणून. मी चिमटा उतरवला तर डोक्यापाशी केसासारखी तड. बोटाला लागत नव्हती, पण रॉकेलचा फडका फिरवला की काळी रेघ उमटायची.

‘वेल्डिंग मारून दे ना गा,’ ते म्हणाले. ‘मले उद्या कामावर जा लागते.’

‘नाही मारत.’

‘काहून नाही मारत?’

‘तुम्ही वाडीच्या ट्रकांच्या मधातून जाता. हा तिथं मोडला तर मले पाप लागन.’

त्यांनी मडगार्डवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, ‘मिस्त्री, एक गोष्ट सांगतो. पोट्टीनं दम देल्ला आहे. एकडाव पडले का सायकल भंगारात. म्हणते, बाबा, मी रोज दवाखान्यात हाडं मोडलेली माणसं पाहते, तुमाले तिथं नाही पाहणार. तिचं बी खोटं नाही. पण सायकल गेली तर मी खोलीत बसून काय करू, भिंती रंगवू?’

नामदेवराव पडण्याच्या आत तड सापडली ही देवाची कृपा, असं मला वाटलं. आता याला असा चिमटा घालून देतो की शंभर वर्षं पाहायला नको, असंही वाटलं. त्यातलं दुसरं वाटणं नडलं.

आटे निघाले बारीक. इतवारीतली सारी दुकानं पालथी घातली. एकानं मला मोठ्या प्रेमानं शॉकरवाला चिमटा दाखवला, ‘काका, आजकाल यही चलता है.’ माझ्या भिंतीवर दोरीला पन्नासेक जुने चिमटे टांगलेले आहेत, प्रत्येकाला चिठ्ठी. त्यातला एकही बसेना. एकाचा दांडा आखूड, दुसऱ्याची कटोरी सैल. शेवटी कळमेश्वरला कारखान्यांच्या मागं एक भंगारवाला आहे, तिथं उन्हात दोन तास ढीग उपसला. तळाशी गंजलेला एक चिमटा सापडला. खिशातला बारीक आट्याचा नट काढून लावला. एक फेरा, दोन, तीन, चार, सरसर खाली! मी एकटाच मोठ्यानं हसलो. भंगारवाल्याला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं.

घरी आणून घासला, रंगवला. जुन्याशी ताडून पाहिला. दांडा तोच, डोकं तेच, बाक तोच. फक्त एक फरक होता. जुन्या चिमट्याचा डावा पाय उजव्यापेक्षा मागं होता, दोन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, म्हणजे पाव इंचाचा घोळ. हँडलही डोक्याशी किंचित तिरपं कसलेलं. मी बायकोला बोलावून दाखवलं.

‘पाहून राहिली ना वं? कोण्या गाढवानं वाकडा चिमटा बसवला आणि वरून हँडल तिरपं करून झाकला. रामटेककडचं काम दिसते. तिकडचे मिस्त्री असेच.’

‘तुम्ही रामटेकले सायकल दुरुस्त कराले कवा गेले होते?’ ती म्हणाली.

मी कामाला लागलो. नवा चिमटा दोऱ्यानं, फुटपट्टीनं, डोळ्यानं तपासून बसवला, हँडल काटकोनात कसलं. उजव्या बाजूला माझं एक पायडल तात्पुरतं लावलं आणि परीक्षा घेतली. हात सोडले तर सायकल बाणासारखी गेली. ठण ठण. पास.

नामदेवरावांनी गल्लीतून एक चक्कर मारली आणि थांबून म्हणाले, ‘जराशी अनोळखी लागून राहिली मिस्त्री.’

‘नवीन आहे. छर्रे बसतील, सवय होऊन जाईल.’

हे वाक्य आमच्या धंद्यात प्रत्येक मिस्त्री शिकतो, पंक्चर काढायच्याही आधी.

चौथ्या दिवशी दुकानासमोर ऑटो थांबली. मागून नामदेवरावांची सायकल डोकावत होती. एक तरुण बाई उतरली, दवाखान्याच्या कपड्यातली. ‘मी वर्षा. नामदेवरावांची मुलगी.’ आवाज चढलेला नव्हता, त्यानंच मला जास्त भीती वाटली. ‘बाबा काल नाक्यापाशी पडले. कोपर फुटलं, कपाळाले टाके. मागून ट्रक होता, त्यानं ब्रेक मारला म्हणून आहेत. काकाजी, ही तुमी ठेवून घ्या. भंगारात द्या, कोणाले देऊन टाका. घरी नका पाठवू.’

‘पण सायकल तर सरळ...’

‘मले नाही समजत सरळ-वाकडं. तीस वर्षं ते पडले नाहीत, तीन दिवसांत पडले.’

ती गेली. मी सायकल तपासली. सरळ. तेच पायडल लावून चालवली, हात सोडले. सरळ. पुन्हा चालवली. शाळेतल्या बाईंना जे म्हटलं होतं ते जिभेवर आलं होतं, खोटं कशाला सांगू. पण ते कपाळाचे टाके आडवे आले. तीस वर्षं पडले नाहीत, हे माझ्या कानातून जाईना. वाकड्या चिमट्यावर तीस वर्षं उभा राहिलेला माणूस सरळ चिमट्यावर तीन दिवसांत पडतो, हे कोणतं गणित? दुसऱ्या दिवशी मी वाडीला जाऊन नामदेवरावांना एवढंच विचारलं की जुना चिमटा कोणी टाकला होता. म्हणाले, ‘रामटेकचा गोविंदा मिस्त्री. जिवंत असन तर ऐंशीच्या वर असन.’

मी तो तडकलेला चिमटा पिशवीत घातला आणि रामटेकची बस धरली. कंडक्टरनं विचारलं, पिशवीत काय आहे. म्हटलं, पेशंट.

गोविंदा मिस्त्री जिवंत होते. गडाच्या पायथ्याशी, धान वाळत घातलेल्या अंगणात बाजेवर बसलेले. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. मी नाव सांगितलं, धंदा सांगितला आणि चिमटा हातात दिला. त्यांनी तो बाळासारखा मांडीवर घेतला. बोटं डोक्यावरून खाली गेली, उजव्या पायावरून, डाव्या पायावरून, टोकापाशी थांबली.

‘डावा दोन सूत मागं,’ ते म्हणाले. ‘हा नामदेवचा. बरा आहे का तो?’

 मी चाचरत विचारलं, ‘तेव्हा काही चूक झाली होती का मिस्त्री?’

म्हातारा असा हसला की ठसका लागला. ‘चूक? पंधरा दिवस लागले मले ते चूक कराले! पहिले मीनं बी त्याले सरळच देल्ला होता. दोनदा पडला पोट्टा. मंग मीनं दुपट्ट्यानं माह्या उजवा पाय दांड्याले बांधला आणि त्याच्यावानी एका पायानं चालवून पाह्यली. तवा समजलं. तो एका पायानं मारते, तर अंग डावीकडं टाकते. अंग डावीकडं गेलं का सायकल उजवीकडं कलते आणि हँडल उजवीकडं पडते. मंग चिमटा कसा पायजे? डावीकडं ओढणारा. अर्धं अर्धं सूत वाकवत गेलो. दोन सुतावर जमलं.’ मग त्यांनी माझ्या दिशेला तोंड केलं. ‘तू कसा टेस केला गा?’

‘हात सोडून.’

‘कोणाचे हात?’

‘माझे.’

‘मंग सायकल बी तूच ठेव,’ गोविंदा मिस्त्री म्हणाले आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.

परतीच्या बसमध्ये मला खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही. मला त्या शाळेतल्या बाई दिसत होत्या. त्यांच्या हँडलच्या उजव्या बाजूला वह्यांची पिशवी होती. रोज असायची. आणि परीक्षा घेताना ती पिशवी मी माझ्या हातानं काढून स्टुलावर ठेवली होती. सायकल उजवीकडं ओढते असं बाई सांगत होत्या ते शंभर टक्के खरं होतं. मागं कॅरिअरला एक टोपली बसवून दिली असती तर भागलं असतं, दहा मिनिटांचं काम. त्याऐवजी मी भर गल्लीत त्यांचा हात वाकडा ठरवला. पुढं मी त्यांच्या शाळेत जाऊन चौकशी केली. त्या निवृत्त होऊन गावी गेल्या, कोणत्या ते कोणाला माहीत नाही. बाई, हा अंक तुमच्या हाती पडला तर वाचा. तुमचा हात वाकडा नव्हता. मला माफ करा.

रामटेकहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकोची जुनी ओढणी घेतली, उजवा पाय सायकलच्या दांड्याला बांधला आणि निघालो. पहिल्या खेपेला पानठेल्याच्या बाकड्यात घुसलो. दुसऱ्या खेपेला नालीच्या काठावर उतरलो, म्हणजे पडलो. गल्लीतली पोट्टी टाळ्या वाजवायला लागली. बायको बाहेर आली.

‘या वयात काय थेर करून राहिले? कंबर मोडली तर मी नाही उचलणार!’

‘अवं, काम करून राहिलो.’

‘माही ओढणी बांधून?’

पण गोविंदा मिस्त्रीचं बोलणं अक्षर न् अक्षर खरं होतं. एका पायानं जोर लावला की अंग आपोआप डावीकडं जातं आणि हँडल उजवीकडं पडायला पाहतं, जसं कोणी हळूच टिचकी मारून राहिलं. चिमटा उतरवून वाइसच्या जबड्यात धरला, त्याच्या डाव्या पायावर पाइप चढवला आणि दाबला. अर्धं सूत. बसवला, पाय बांधला, चालवून पाहिली. पुन्हा उतरवला. आयुष्यभर वाकडे चिमटे सरळ केले. आता सरळ चिमटा मुद्दाम वाकडा करत होतो. चार दिवस लागले. दोन सुतावर हँडल शांत झालं. मग हँडलही गोविंदा मिस्त्रीसारखंच किंचित तिरपं कसलं. ते झाकणं नव्हतं, चाक सरळ असताना हात सरळ राहावे म्हणून होतं.

आता वर्षा. तिच्या दारात उभा राहिलो तर तिनं नमस्कार केला, पण आत या म्हटलं नाही. नामदेवराव मागं खाटेवर होते, कपाळाला पट्टी. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि लगेच दुसरीकडं पाहिलं. भिंतीवर नवंकोरं काहीतरी रंगवलेलं होतं. ‘जबलपूर.’ काळ्या रंगात, सुरेख.

‘पोरी,’ मी म्हटलं, ‘तुझे बाबा पडले नाहीत. मी पाडले त्यांना.’

आणि सारं सांगितलं. रामटेक, ओढणी, नालीसुद्धा. सत्तर वर्षांच्या माणसाला पंचविशीतल्या मुलीसमोर आपली चूक सांगताना काय होतं ते ज्याचं त्याला ठाऊक. ती ऐकत राहिली. शेवटी वडिलांकडं वळून म्हणाली, ‘एक चक्कर. यांच्या गल्लीत, जिथं ट्रक नाहीत. मी बाजूनं पळीन. हलली जराशी बी, तर विषय संपला. मंजूर?’

‘हाव,’ नामदेवराव एवढंच म्हणाले. पण कुबडी घ्यायला हात आधीच गेला होता.

टाके निघाल्यावर रविवारी सकाळी दोघं आली. नामदेवराव बसले, डाव्या पायाचा पट्टा आवळला आणि निघाले. वर्षा सोबत पळू लागली, एक हात सीटपासून वीतभर अंतरावर ठेवून. मी खांबाला टेकून पाहत होतो, चाकाकडं नाही, पहिल्यांदाच माणसाकडं.  हँडल हलत होतं. थोडंच, पण हलत होतं. पडत होतं उजवीकडंच.

ते परत आले. वर्षानं सीटला हात लावला नव्हता, पण तिला दिसलं होतं. ती काही बोलायच्या आत मी म्हटलं, ‘नामदेवराव, तसेच बसून राहा. उतरू नका.’ मागं जाऊन पाहिलं. त्यांचा डावा खांदा चांगलाच खाली गेलेला होता. गोविंदा मिस्त्रीचं माप बरोबर होतं, पण ते तीस वर्षांपूर्वीच्या नामदेवचं. तीस वर्षं एका बाजूनं चालवून माणूस आणखी कलला होता आणि जुना चिमटा अंगवळणी पडल्यामुळे ते त्यांनाही कळलं नव्हतं.

‘अर्धं सूत आणखी लागते,’ मी म्हटलं. ‘पोरी, अजून एक चक्कर दे.’

‘एकच ठरलं होतं काकाजी.’

‘ठरलं होतं.’

तिनं वडिलांकडं पाहिलं. मला वाटलं ते विनवतील. पण ते कोणाकडंच पाहत नव्हते. पुढच्या चाकाकडं पाहत होते, आणि हँडल घट्ट धरून बसले होते. वर्षानं कपाळावरचा घाम पुसला, त्यांच्या, आपल्या नव्हे.

‘करा,’ ती म्हणाली.

चिमटा उतरवायला, वाकवायला आणि परत कसायला मला वीस मिनिटं लागली.  पानठेलेवाला पान लावायचं सोडून पाहत उभा होता. नामदेवराव पुन्हा बसले. वर्षा पळू लागली. दहा पावलं, वीस पावलं. मग ती थांबली. दम लागून नव्हे. तिच्या लक्षात आलं की तिची गरज नाही. ती रस्त्याच्या मधात कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि सायकल पुढं जात राहिली. हँडल असं शांत, जसं भिंतीत रोवलेलं.

गल्लीच्या तोंडापाशी थोडा उतार आहे. तिथं नामदेवरावांनी पाय थांबवला, सायकल आपली आपण जाऊ दिली, आणि दोन्ही हात हँडलवरून उचलून डोक्यावर ठेवले.

‘बाबा! हात! हात धरा ना!’ वर्षा किंचाळली.

‘मिस्त्री,’ तिकडून आवाज आला, ‘झाली का गा पास?’

पाना माझ्या हातातच होता. खांब दोन पावलांवर होता. पण मला रडू कोसळलं होतं, आणि डोळ्यांपुढं खांब काही सापडेना. शेवटी मागून बायको आली, पाना माझ्या हातातून ओढून घेतला आणि दोनदा हाणला. ठण. ठण.